पाव चक्कर सैल

मला किळस लवकर येते. चहाच्या कपाच्या आतली तपकिरी रेघ, दुसऱ्याने तोंड लावलेली बाटली, पान्याच्या मुठीवर वाळून बसलेलं जुनं ग्रीस, यातलं काहीही पुरतं. असा माणूस कारखान्यात फिटर कसा झाला हे माझ्या बायकोला आजवर कळलेलं नाही. मी तिला सांगतो, किळस येते म्हणूनच झालो. ज्याला घाण चालते तो घाणीवरच नट आवळतो आणि घरी जातो.

रसायनीच्या एका कारखान्यात मी तीस वर्षं काढली आणि तेवढीच वर्षं मोहोपाड्याच्या कॉलनीत राहिलो. निवृत्त झाल्यावर कर्जतजवळ आमच्या गावी परत आलो. तिथे माझा थोरला भाऊ आणि वहिनी. भावाला मी दादा म्हणतो. दोघांची घरं एकाच अंगणात, समोरासमोर. सकाळी दहाला आणि दुपारी चारला वहिनी चहाची किटली घेऊन येणार, नको म्हटलं तरी येणार. कप मात्र मी माझाच पुढे करायचो, घरून धुऊन आणलेला. तिने ते कधी मनावर घेतलं नाही. "भावजींचा कप सोवळ्यातला हाय," एवढंच म्हणायची आणि ओतायची.

दादाकडे एक जुना बागेचा ट्रॅक्टर आहे. शेत नांगरतात तो मोठा नव्हे. हा बुटका, खाली गवत कापायची पाती आणि मागे पाटीएवढी ट्रॉली. एका फार्महाऊसवाल्याने कंटाळून गंजायला टाकला होता, तो दादाने उचलून आणला. आमच्याकडे आता भाताच्या बरोबरीने लॉन पिकतात. शनिवारी मुंबईची माणसं येतात, रविवारी जातात आणि सोमवारी दादा जाऊन त्यांचं गवत कापतो. गवतात कोंबडीची हाडं, सिगारेटची थोटकं, प्लास्टिकचे ग्लास, कधी कधी लहान मुलांचे डायपर. पात्यात अडकलं की दादा ते नुसत्या हाताने ओढून काढतो, आणि त्याच तळव्यावर तंबाखू मळतो. मी त्या वेळी माथेरानच्या डोंगराकडे बघत उभा राहायचो.

पण खरी शिसारी यायची ती त्या ट्रॅक्टरच्या स्टेअरिंगची. पाव चक्कर फिरवलं तरी पुढच्या चाकांना त्याचा पत्ता नसे. त्यामुळे सरळ जायलासुद्धा दादाचे हात सारखे डावी-उजवीकडे हलत असत, सुपात तांदूळ पाखडावेत तसे. वळण आलं की तो आधीच पाव चक्कर फिरवून ठेवायचा आणि मग खरं वळण घ्यायचा. लांबून बघणाऱ्याला वाटावं, म्हातारा झोकांड्या खातोय.

आणि हे सगळं कालव्याच्या बांधावरून. लॉनकडे जायला दुसरी वाट नाही. उजवीकडे सिमेंटचा कालवा, होळीनंतर उन्हाळी भातासाठी तुडुंब भरलेला. डावीकडे चार फूट खाली चिखलातली शेतं. ट्रॅक्टरच्या दोन्ही अंगांना वीत-दीड वीत जागा उरते. मध्ये एक उंबर आहे, तिथे बांध डावीकडे वळतो. मी गावी आल्यावर पहिल्याच आठवड्यात त्याच्यामागून चालत गेलो होतो. उंबरापाशी उजवं चाक कालव्याच्या काठावरून दोन बोटं आत होतं. दादा तोंडाने कसलंसं गाणं गुणगुणत होता.

त्याच दिवशी वहिनीने मला गाठलं. "भावजी, तुमी एवढे कारखान्यातले. ह्यांना काय तरी सांगा. ह्यांना पवता बी येत नाय. सोमवार आला की मला भाकरी गोड लागत नाय."

मी दादाला सांगितलं. तो हसला. "आरं, हाताला सवय हाय. पयली पाव चक्कर फुकट, तिथून पुढं खरं. इतकी वर्सं चालतंय की."

चालतंय की. हे दोन शब्द ऐकले की माझं डोकं उठतं. गळका नळ, चालतंय की. उघडी वायर, चालतंय की. आपल्या लोकांना काहीही चालतं, एक दिवस चालेनासं होईपर्यंत. कारखान्यात माझ्यासमोर हे बोलायची कुणाची छाती नव्हती. मला तिथे मागून 'दीडशहाणा' म्हणत, ते मला माहीत होतं आणि खोटं कशाला बोलू, आवडतही होतं.

तिथली एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे गरम पाण्याच्या लाइनवर एक व्हॉल्व्ह होता, वर्षानुवर्षं जाम. ऑपरेटर त्याच्या चाकाला दोन्ही हातांनी लोंबकळून तो उघडायचा. एका नव्या फिटरने तो उघडून साफ केला, लोण्यासारखा मऊ केला आणि न सांगता जेवायला गेला. ऑपरेटर आला, नेहमीच्या जोराने हिसका दिला, व्हॉल्व्ह एकदम पूर्ण उघडून गरम पाणी उसळलं आणि तो कोपरापर्यंत भाजला. मी त्या फिटरला सगळ्यांसमोर उभं केलं. म्हटलं, "मशीन नवं केलंस आणि माणूस जुनाच ठेवलास. दुरुस्तीनंतर चालवणाऱ्याला आधी सांगायचं काय बदललं ते, मग रिकामं चालवून बघायला लावायचं, मग हात झटकायचे." तो पोरगेला माणूस रडला होता. पुढे कितीतरी वर्षं ही गोष्ट मी नव्या लोकांना ऐकवायचो, स्वतःवर खूश होऊन.

उन्हाळ्याच्या तोंडाला दादाच्या मुलीने शेलूला नव्या बिल्डिंगीत घर घेतलं. वास्तुशांतीला दादा चार दिवस तिकडे राहिला. वहिनी पूजा आटपून दुसऱ्या दिवशी गाईसाठी परत आली. मी म्हटलं, हीच वेळ. दादाला विचारायचं मनातसुद्धा आलं नाही. जे त्याला कळत नाही ते त्याला काय विचारायचं?

ट्रॅक्टरचा पत्रा काढला आणि मला उलटीच व्हायची बाकी राहिली. गवत, माती आणि ग्रीस यांचा वर्षानुवर्षांचा लगदा, वरून काळा, आतून हिरवट आणि ओला. आंबलेल्या कोंड्याचा वास. त्यात उंदराचं घरटं आणि घरट्यात वाळून कडक झालेला उंदीर. मी नाकाला रुमाल बांधला, हातात दोन-दोन मोजे घातले आणि खुरप्याने ते सगळं खरवडून काढलं. मग डिझेलने धुतलं, तेव्हा कुठे दादाचा आतला जुगाड दिसायला लागला.

स्टेअरिंगच्या दांड्याच्या खालच्या टोकाला एक लहान दातेरी चाक असतं. ते पंख्याच्या आकाराच्या एका मोठ्या दातेरी पट्टीला फिरवतं आणि ती पट्टी पुढच्या चाकांना. दोन्हीचे मधले दात झिजून गुळगुळीत झालेले. दांडा ज्या बुशमध्ये, म्हणजे धातूच्या कड्यात, फिरतो ते बुश गायब. त्याच्या जागी सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली. ती सैल झाली असणार, म्हणून वरून सुतळी. सुतळी कुजली, म्हणून वरून तार. वॉशर म्हणून रबरी चपलेच्या टाचेचे कापलेले गोल तुकडे, निळे, टाचेचा खड्डा अजून दिसत होता. चाकांना जोडणाऱ्या दांडीत पिनेऐवजी खिळा, आणि सगळ्यात नाजूक जागी, जिथे पिन निसटली तर चाकं मनाला येईल तिकडे जातील, तिथे बायकांच्या केसांचा आकडा.

वहिनी दहाचा चहा घेऊन आली होती. वाकून बघत म्हणाली, "अगं बाई, हा माझा आकडा! मी म्हनलं कावळ्यानं नेला." आणि हसायला लागली.

मला हसू आलं नाही. मला दादाची किळस आली. हे लिहायला बरं वाटत नाही, पण तेव्हा तेच वाटलं. ज्या हाताने मला लहानपणी खांद्यावर उचलून ओढ्यापलीकडे नेलं त्या हाताचं हे काम बघून मला वाटलं, हा माणूस गलिच्छ आहे. नुसता गरीब किंवा अडाणी नाही, गलिच्छ. स्वतःचा जीव चपलेच्या टाचेवर आणि बायकोच्या आकड्यावर ठेवतो आणि वर गाणं म्हणतो.

दुसऱ्या दिवशी खोपोलीला गेलो. तिथे लेथवर काम करणारे एक म्हातारे चाचा आहेत. त्यांना मापं दिली आणि पितळेची बुशं मागितली. ते म्हणाले, "पितळ कशाला भाऊ? नायलॉनचं टाकतो, चालेल." मी त्यांच्याकडे असं बघितलं की त्यांनी निमूटपणे पितळेचा तुकडा उचलला. मी शेजारी उभा राहून तीनदा माप घ्यायला लावलं. निघताना म्हणाले, "तुमच्यासारखं गिऱ्हाईक वर्षातून एकच यावं, नाहीतर मी दुकान बंद करीन."

झिजलेले दात गॅसवर पितळेने भरून घेतले आणि पुढचे दोन दिवस अंगणात बसून कानशीने घासले. पट्टीच्या टोकाचे दात कोरे होते, कारण तेवढं वळण कुणी घेतच नाही. त्यावरून पत्र्याचा साचा कापला आणि एकेक दात त्यात बसवून बघितला. घासायचं, साच्यात घालायचं, उजेडाकडे धरायचं, पुन्हा घासायचं. त्या दोन दिवसांत मला किळस कसलीच आली नाही. चौथ्या दिवशी दुपारी सगळं जोडलं, नव्या पिना घातल्या, त्यांची दोन्ही टोकं वाकवली. एका बोटाने स्टेअरिंग ढकललं आणि त्याच क्षणी पुढची चाकं हलली. मी एकटाच हसलो. वहिनीला हाक मारून दाखवलं. ती म्हणाली, "आता मी सोमवारी पोटभर जेवीन."

दादा संध्याकाळी आला. मला त्याचं तोंड बघायचं होतं, बाकी काही नाही. त्याच्या पुढ्यात एका थाळीत चपलेचे तुकडे, सुतळी, तार, खिळा आणि आकडा असं सगळं मांडून ठेवलं होतं, मेलेल्या उंदरासकट. म्हटलं, "हे बघ तुझं इंजिनिअरिंग." तो ओशाळला. मान खाली घालून त्याने तो आकडा उचलला, सदऱ्याला पुसला आणि वहिनीला दिला. मग म्हणाला, "लई म्हेनत केलीस रं." मी म्हटलं, "उद्या चालव, म्हणजे कळेल." एवढंच बोललो.

सोमवारी सकाळी तो निघाला. मी मागून चालत गेलो, कारण कौतुक ऐकायचं होतं. अंगणातून बाहेर पडताना ट्रॅक्टरने एक-दोन हिसके खाल्ले. दादा सावरला आणि जपून चालवू लागला, दोन्ही हात घट्ट धरून, गाणं नाही. बांधावर शंभर पावलं एकदम सरळ. हात हलत नव्हते. उंबर जवळ आला तेव्हा त्याने मागे वळून माझ्याकडे बघितलं आणि मोठ्याने म्हणाला, "बघ रं, सुतासारखा चाललाय!"

डोळे माझ्याकडे होते आणि हात उंबराच्या सावलीत पोचले होते. त्या जागी ते इतकी वर्षं जे करत आले तेच त्यांनी केलं. पाव चक्कर, डावीकडे. ती आता फुकट नव्हती. ट्रॅक्टर बैलाने शिंग मारावं तसा डावीकडे वळला आणि बांधावरून खाली गेला.

मी धावलो. ट्रॅक्टर शेतात आडवा पडून गुरगुरत होता, वरचं चाक फिरत होतं. दादा तिथून दोन हात अंतरावर चिखलात बसला होता, भाताच्या रोपांमध्ये. त्याचा उजवा हात पडताना स्टेअरिंगच्या आऱ्यांत अडकून मनगटातून भलतीकडे वळला होता. चिखलाने भरलेल्या तोंडाने तो म्हणाला, "स्टेअरिंग झ्याक झालंय. मलाच जमलं नाय." टोमणा नव्हता. त्याला टोमणे मारता येत नाहीत.

बांधावरून मी दुसऱ्या बाजूला बघितलं. कालव्याचं पाणी काठोकाठ वाहत होतं. वळण उजवीकडे असतं तर?

कर्जतच्या दवाखान्यात मनगटाचा फोटो काढला. दोन ठिकाणी मोडलं होतं. वहिनी धापा टाकत आली, दादाला डोक्यापासून पायापर्यंत चाचपलं आणि मग माझ्याकडे वळली. भांडायला नव्हे, नुसतंच विचारलं. "भावजी, काय बदललं ते तुमी ह्यांना आधी सांगितलं व्हतं ना?"

कारखान्याचं एकही पुस्तक न वाचलेल्या बाईने अचूक तोच प्रश्न विचारला. मी म्हणालो, "हो. सांगितलं होतं."

दादा खाटेवर पडल्या पडल्या माझ्याकडे बघत होता. मग तो म्हणाला, "सांगितलं व्हतं त्यानं. माझंच ध्यान नव्हतं."

दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ काढण्यात हयात गेली होती माझी. त्या लेथवाल्या चाचांना, त्या रडणाऱ्या फिटरला, दादाला, सगळ्यांना मी नाकं मुरडली. आणि माझ्या आत असा लगदा होता की खुरप्याने निघाला नसता. त्या रात्री मी तीनदा अंघोळ केली. बायकोला वाटलं चिखल निघत नसेल.

पुढचा दीड महिना दादाचा हात गळ्यात होता. ट्रॅक्टर चार जणांनी वर ओढून काढला. एक दांडी वाकली होती ती मी सरळ केली. दर सोमवारी लॉनवर मीच जाऊ लागलो, आणि पात्यातली हाडं नुसत्या हाताने काढली. मोजे घरी होते, घातले नाहीत. वहिनी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "भावजींनी गाडी एवढी नीट केली, आमचं नशीबच वाकडं. वर ह्यांचं काम बी तेच करतात." आणि माझ्या धुतलेल्या कपात चहा ओतायची. तो चहा प्यायला जेवढी किळस मला यायची तेवढी त्या उंदराची आली नव्हती. दादा शेजारी बसून डाव्या हाताने चहा प्यायचा.

प्लास्टर निघालं त्या दुपारी दादा थेट ट्रॅक्टरपाशी गेला. मनगट बारीक झालं होतं, बोटं पूर्ण मिटत नव्हती. तो चढून बसला आणि इंजिन बंद ठेवूनच त्याने स्टेअरिंगवर हात ठेवले. हात आपोआप हलायला लागले, डावीकडे, उजवीकडे, पाव पाव चक्कर. पुढची चाकं मातीत करकरत होती. त्याच्या लक्षात आलं तसा तो थांबला.

वहिनी ओट्यावर तांदूळ पाखडत होती. मी ट्रॅक्टरपाशी गेलो आणि स्टेअरिंग धरलं. म्हटलं, "दादा, थांब. स्टेअरिंग घट्ट केलंय. पाव चक्कर आता फुकट नाही. आधी इथेच अंगणात रिकामं चालव, मी बाजूने चालतो."

"ठाऊक हाय रं," तो म्हणाला.

"त्या दिवशी सांगितलं नव्हतं. दवाखान्यात मी खोटं बोललो, आणि तू माझ्यासाठी खोटं बोललास." मी हे मुद्दाम मोठ्याने म्हटलं.

सुपाचा आवाज थांबला.

दादा पुटपुटला, "झालं गेलं. आता कशाला?" आणि त्याने चावी फिरवली. आम्ही अंगणात फेऱ्या मारल्या, वीस तरी असतील. दर वळणावर मी "थोडंच" म्हणायचो आणि तो थोडंच फिरवायचा. पंधराव्या फेरीनंतर मला म्हणावं लागलं नाही. तोवर वहिनी सूप घेऊन घरात गेली होती.

चार वाजले. मी माझा कप धुऊन आणला आणि ओट्याच्या कडेला बसलो. दादाने एकदा दाराकडे बघितलं, एकदा माझ्याकडे बघितलं आणि गोठ्याकडे निघून गेला. आतून भांड्यांचा आवाज येत होता, चुलीचा धूरही येत होता. मी साडेपाचपर्यंत कप हातात घेऊन तिथे बसून होतो. चहा आला नाही.